चार नंबरच्या खाटेवरचा वारा

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. संपादक अगदीच पोरगेलेसे असावेत, आवाजावरून वाटलं. "सिस्टर, इतकी वर्षं पेशंटची सेवा केलीत, एखादा हृदयाला भिडणारा अनुभव द्या," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, हृदयाचा मला फारसा अनुभव नाही. सगळी नोकरी पोटाच्या वॉर्डात गेली." तर म्हणे, पोटाचा द्या. मग मी विचारलं, "पादण्यावर लिहिलं तर छापाल का?" पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं, "जरा सौम्य शब्दांत लिहा, मॅडम."

तर मी सौम्य शब्दांत प्रयत्न करणार आहे. पण काही ठिकाणी सौम्य शब्द पुरे पडणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल चार पानं उलटावीत आणि पुढे रांगोळ्या बघाव्यात. मी मुरबाडची. आमच्याकडे जे झालं ते झालं म्हणतात, त्याला अत्तर लावत बसत नाहीत.

शहापूर भागातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी नर्स होते. सुरुवातीची काही वर्षं पुरुषांच्या वॉर्डात, नंतर निवृत्त होईपर्यंत बायका-मुलांच्या सर्जिकल वॉर्डात. लोकांना वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शनं टोचणारी बाई. टोचणं हे अगदी थोडं काम. आमचं खरं काम वाट बघायचं. आणि पोटाच्या वॉर्डात वाट कशाची बघायची, हे आता स्पष्टच सांगते.

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतडी रुसतात. कुणी आपल्याला उघड्यावर काढलं, हात लावला, हे त्यांना अजिबात खपत नाही. ती गप्प पडून राहतात. अशा रुसलेल्या आतड्यांत वरून चहा, पेज, नारळपाणी ओतलं तर ते पुढे जाणार कुठे? पोट फुगतं, उलट्या होतात, आतली शिवण ताणते. म्हणून नाकातून पोटात एक नळी, हाताला सलाइन आणि खाटेच्या दांड्याला पाटी, "तोंडाने काहीही देऊ नये." मग एक दिवस आतड्यांचा रुसवा जातो. गेला हे कशावरून कळतं? सर, म्हणजे आमचे सर्जन, स्टेथोस्कोप लावून ऐकतात, पोट दाबून बघतात, लागलाच तर एक्स-रेचा फोटो काढतात. पण सगळ्यात पक्की खबर एकच. वारा सरला पाहिजे. तो सरला की वॉर्डात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतं.

आता ही खबर काढायची कशी? शिकून नव्या आलेल्या पोरी विचारायच्या, "फ्लेटस पास झाला का?" पेशंट बिचारा घाबरून म्हणायचा, "परीक्षा दिलीच नाय वो." मी म्हाताऱ्यांना विचारायचे, "वारा सरला का?" जरा सुधारलेल्यांना, "हवा गेली का?" आणि पोरांना सरळ, "पादलास का रे?" पोरं काय खूश व्हायची! त्यांच्या उभ्या आयुष्यात मोठ्या माणसानं या कामाची एवढी चौकशी कधी केलेली नसायची.

मोठ्यांचं मात्र अवघड. किन्हवलीचे एक निवृत्त हेडमास्तर होते. चार दिवस मी विचारत होते आणि ते छताकडे बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी मला बोलावून हातात घडी घातलेला कागद दिला. त्यावर सुवाच्य अक्षरात, "आज सकाळी सहाच्या सुमारास वायू सरला. स्वरूप समाधानकारक. कळावे. आपला विश्वासू." खाली सही. सरांनी तो कागद केसपेपरला पिन मारून जोडून टाकला.

एक नवी नवरी होती, सासू चोवीस तास उशाशी. तिच्या तोंडून हे उच्चारणं शक्यच नव्हतं. मी तिच्याशी गुपचूप खूण ठरवली, झालं की खाटेच्या दांड्यावर टॉवेल टाकायचा. दुपारी बघते तर टॉवेल! धावत जाऊन सरांना सांगितलं. नंतर कळलं, सासूबाईंनी तोंड पुसून वाळत घातला होता. तरी बरं, पाणी देण्याआधी पोरगी डोळ्यांनीच "नाही नाही" म्हणत होती.

आणि एक खर्डीचा भाजीवाला. चहाच्या तल्लफेनं त्याचा जीव कासावीस झालेला. तो म्हणाला, "झालं." त्याचे तीन भाऊ शपथेवर म्हणाले, "आमी ऐकलं." चहा दिला. अर्ध्या तासात तो चहा, नळीतलं पाणी आणि बाकी सगळं माझ्या गणवेशावर. सर त्या दिवशी इतके चिडले की भर वॉर्डात ओरडले, "यापुढे ऐकीव पादावर मी कुणालाही पाणी देणार नाही!" ते वाक्य आमच्याकडे कायदाच होऊन बसलं. लक्षात ठेवा, कारण त्याच कायद्यापायी मला रोशनीच्या वेळी घाम फुटला होता.

रोशनी पाच वर्षांची. डोळखांबच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली. तिचा बाप एकनाथ तिला मोटरसायकलवर पुढ्यात धरून घेऊन आला होता. हिरव्या उलट्या, पोट टणक, डोळे खोल गेलेले. आतड्याला पीळ पडला होता. सरांनी तास-दीड तास खपून वीतभर काळं पडलेलं आतडं काढलं आणि उरलेली दोन टोकं जोडली. एवढ्याशा पोटावर बेंबीच्या वर-खाली लांबलचक पट्टी. आई घरी बाळंतीण, तान्हं बाळ अंगावर. म्हणून पोरीजवळ राहिली तिची आत्या, एकनाथची थोरली बहीण. हिराबाई नाव, पण सगळा वॉर्ड तिला हिराआत्याच म्हणू लागला. उंच, काटक, दातांना मिश्री आणि आवाज असा की शेताच्या या बांधावरून बोलली तर त्या बांधावरच्याला कळावं.

हिराआत्यानं पहिल्याच दिवशी एक काम केलं. लाल फडक्यात बांधलेला कुलदेवीचा टाक चार नंबरच्या खाटेवर पोरीच्या उशाखाली ठेवला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवी, तळहाताच्या निम्म्याएवढी, घरच्या देव्हाऱ्यातली. पेशंटच्या उशाखाली काय काय सापडतं ते मला विचारा. कांदा, लिंबू, खिळा, अंगारा, एकदा तर अख्खा कोयता. माझा नियम एकच, वस्तू धारदार नको आणि जिवंत नको. बाकी माणसाला धीर येत असेल तर येऊ दे बापडा. उलट मी रोज सकाळी चादर बदलताना ती पुडी उचलायचे, कपाळाला लावायचे आणि परत जागच्या जागी ठेवायचे. रोशनी टकामका बघत असायची.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. लहान पोरांची आतडी मोठ्यांइतकी मानी नसतात, दोन-तीन दिवसांत वळणावर येतात. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय आत्याबाई, वारा सरला का?"

"नाय गो बाय." आणि वर कौतुकानं, "पोर लय गुणाची हाय आमची."

मला वाटलं, बाईला प्रश्न नीट कळला नाही. पुन्हा फोड करून विचारला. तेच उत्तर, तेच कौतुक. चौथ्या दिवशी पोट फुगायला लागलं. रोशनी पाणी मागायची. नुसतं "पाणी, पाणी" नाही, तर "नळाचं दे, माठाचं दे, सलाइनमदलं दे" असे पर्याय सुचवायची. मी ओला कापूस ओठांवरून फिरवायचे तर कापूसच दातांत धरून चोखायची. तिला उठवून चालवायचा आम्ही खूप प्रयत्न केला, चाललं की आतडी हलतात. पण ही पोर खाटेवरून पाय खाली सोडायला तयार नाही. पाय एकावर एक टाकून ताठ पडलेली.

पाचव्या दिवशी सकाळी सरांनी पोटावर बोटं वाजवून बघितलं आणि मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. "चार वाजता फोटो काढू. जोड बसला नसेल किंवा पुन्हा पीळ पडला असेल, तर संध्याकाळीच पोट परत उघडायला लागेल. कल्याणहून भूल देणाऱ्या डॉक्टर येतायत, त्यांना थांबवून ठेवतो."

"सर, पाच दिवसांत दुसऱ्यांदा? एवढ्याशा जिवाला?"

"मला माहीत आहे ते," सर म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. सर माझ्याकडे न बघता बोलतात तेव्हा ते घाबरलेले असतात, हे मला ठाऊक होतं. एकनाथनं कागदावर सही केली. मग तो रक्ताच्या पिशव्यांची सोय करायला गेला. हिराआत्या भिंतीला टेकून बसली.

दुपारी मी रोशनीचे ओठ ओले करायला बसले. आणि तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पाय एकमेकांवर घट्ट आवळलेले, मांड्या चिकटलेल्या, पायाची बोटं वाकडी. इतक्या वर्षांत मी हजारो माणसं झोपलेली पाहिली, पण आजारी माणूस पाय असे आवळून झोपत नाही. मी वाकून तिच्या कानाशी लागले.

"रोशनी, पोटात गुडगुड करतं का गो?"

मान हलली. हो.

"मग खाली कळ येते?"

परत हो.

"मग काय करतेस?"

"दाबून धरते," ती कुजबुजली.

"का गो बाळा? दुखतं?"

तिनं डोळे उशीकडे फिरवले आणि इतक्या बारीक आवाजात बोलली की मला कान तिच्या तोंडाला लावावा लागला. "देवी हाय ना. आत्या बोलली, देवी उशाशी बसलीय, वंगाळ काय करू नको. आमचा दादू आरतीला पादला, तं आत्यानं त्याला ओटीवर हाकलला. हातपाय धुवाय लावलं." मग डोळ्यांत टचकन पाणी. "मला तं चालताबी येत नाय. मी कुठं जाऊ?"

मला आधी हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. दोन्ही एकदम आलं की माणसाचं तोंड कसं होतं ते मला माहीत नाही, पण शेजारच्या पाच नंबरवरच्या कुंदाताई घाबरून उठून बसल्या. या मुरबाडजवळच्या, पित्ताची पिशवी काढलेली, बोलायला अतिशय मोकळ्या. "काय झालं सिस्टर? पोरीला काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी पोटावर उशी दाबून धरली आणि हसायला लागल्या. "नका गो, नका सांगू, माझे टाके तुटतील!"

पण खरं सांगू? त्या क्षणी मला माझी लाज वाटली. तीन दिवस मी विचारत होते, तेही आत्याला. एकदासुद्धा पोरीला विचारलं नव्हतं. आणि रोज सकाळी तिच्या डोळ्यांदेखत त्या पुडीला नमस्कार करून मीच तिला बजावत होते, की होय गो, देवी इथेच आहे, गणवेशातली बाईसुद्धा तिला मानते. नोकरीत माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही, पण ही अजून बोचते.

घड्याळात पावणेतीन झाले होते. मी हिराआत्याला हाताला धरून उठवलं आणि सगळं सांगितलं. बाईनं दोन्ही हात गालांवर मारून घेतले. "या माझ्या बया! म्हणजे मीच का गो पोरीचं बूच लावलं?"

"तुम्ही आणि मी, दोघींनी मिळून," मी म्हटलं. "आता पटकन देवीला उचला."

तर आत्या एकदम दोन पावलं मागं. "असं कसं उचलू? पोर घरी जायपातूर बस, असं बोलून बसवलीय मी तिला. मदीच ऊठ म्हनू?"

आता आली का पंचाईत! खाली फोटोचं मशीन तयार, कल्याणच्या डॉक्टर रस्त्यावर, आणि इथे देवीला ऊठ कसं म्हणायचं हा प्रश्न. मी चिडले. मी चिडले की मुरबाडची होते. "अहो, तुम्ही तिला पोरीसाठीच आणलीत ना? मग पोरीसाठीच दोन मिनिटं बाहेर चल, असं सांगा. आई आहे ती, आईला सांगायला कसली लाज?"

आत्यानं थोडा विचार केला. मग खाटेशी उकिडवी बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि देवीशी घरच्या माणसाशी बोलावं तशी बोलायला लागली. "बाय माझे, राग मानू नको. पोरीची चूक नाय, माझी हाय. तिला जरा मोकळी होऊ दे. आपण दोघी बाहेर जाऊ, वाईच हवा खाऊन येऊ." पुडी हातात घेतली, कपाळाला लावली आणि ताटलीत ठेवली.

मला वाटलं, झालं. कसलं झालं! रोशनीनं विचारलं, "देवीला कुठं ठेवनार?"

"आमच्या औषधाच्या कपाटात."

"तितून ऐकू येतं?"

मी "नाही" म्हणणारच होते, तेवढ्यात कुंदाताई म्हणाल्या, "देवीला सगळं ऐकू येतं गो, ती काय बहिरी हाय?" मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उशीत तोंडच खुपसलं. पण व्हायचं ते झालं. रोशनीनं पाय आणखी आवळले. "लांब ने. लय लांब. मला दिसाय पायजे."

"दिसायला हवं तर खिडकीशी यावं लागेल," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर माझं मलाच कळलं मी काय बोलून गेले ते. तीन दिवस जिला आम्ही विनवण्या करून, फुग्याचं आमिष दाखवून उभी करू शकलो नव्हतो, ती पोर आपणहून कुशीवर वळली. मी एका हातात सलाइनची बाटली धरली, दुसऱ्या हातानं तिला. ती कमरेत वाकून, पोटावर हात धरून, एक एक पाऊल टाकत निघाली. वॉर्डातल्या बायका बाजूला सरकून वाट देत होत्या. कुणी म्हणे "चाल गो माझी वाघीण," कुणी म्हणे "हळू, हळू," आणि सफाईवाल्या मावशी पुढे होऊन स्टुलं बाजूला करत होत्या.

खिडकीतून खालचं आवार दिसतं. हिराआत्या दोन्ही हातांत ताटली धरून, डोक्यावर पदर, अनवाणी, पिंपळाच्या पारापाशी उभी राहिली आणि तिनं वर बघितलं.

"अजून लांब!" रोशनी ओरडली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचा एवढा मोठा आवाज निघाला.

आत्या फाटकाशी गेली.

"अजून!"

आत्या रस्ता ओलांडून रिक्षा स्टँडवर. रिक्षावाले उठून उभे राहिले, दोघांनी चपला काढून नमस्कार केला. एकानं बहुतेक विचारलं कुठे सोडू, कारण आत्या मान हलवून नको म्हणताना दिसली.

"अजून!"

आत्या पंक्चरवाल्याच्या टपरीपलीकडे गेली. आता ती एवढीशी दिसत होती. तिनं तिथून हात वर केला, पुरे का? रोशनी माझ्याकडे वळून म्हणाली, "देवीचं तोंड इकडं हाय." झालं! आता हे एवढ्या लांब सांगायचं कसं? पण कुंदाताई पोटावर उशी बांधल्यासारखी धरून खिडकीशी आल्याच होत्या. त्यांनी हात फिरवून फिरवून खूण केली. आणि आत्याला कळलं हो! तिनं फडकं सोडलं, टाक बाहेर काढला आणि देवीचं तोंड आमच्याकडून माहुलीच्या डोंगराकडे केलं. रस्त्यावर भर उन्हात ती बाई तशीच उभी राहिली, देवीला डोंगर दाखवत.

"आता?" मी विचारलं.

वॉर्ड चिडीचूप. अकरा बायका, त्यांचे नातेवाईक, मावशी, सगळ्यांनी श्वास धरलेला. एवढ्या शांततेत कुणाला काय होणार? रोशनीनं सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि लाजून माझ्या गणवेशात तोंड लपवलं. कुंदाताईंच्या लक्षात आलं. त्या गर्रकन वळून म्हणाल्या, "तोंडं फिरवा गो सगळ्यांनी! आणि बोला काहीतरी!" की लागल्या सगळ्या भिंतीकडे तोंड करून बोलायला. कुणी भाताच्या लावणीबद्दल, कुणी नणंदेबद्दल. नणंदेबद्दल जास्त.

आणि परत फिरताना, तिसऱ्या खाटेशी, माझ्या हातातला तो चिमणा हात एकदम घट्ट झाला आणि आवाज आला. पुक्. एवढासाच. मी हातातली बाटली उंच धरून ओरडले, "झालं!" वॉर्डात जो गलका उडाला तो काय सांगू! दोन बायकांनी एकमेकींना मिठी मारली. मावशी टाळ्या पिटत होत्या. कुंदाताई "टाके, टाके" म्हणून कण्हत हसत होत्या. आणि बरोबर त्याच वेळी दारात सर आणि त्यांच्या मागे कल्याणच्या डॉक्टर बाई.

"काय चाललंय? वॉर्ड आहे का जत्रा?"

"सर, झालं! वारा सरला!"

"कुणी ऐकला?"

"आमी!" सगळा वॉर्ड. ज्यांनी ऐकला त्यांनी, नाही ऐकला त्यांनीही. आठ नंबरची आजी तर ठार बहिरी, तिचाही हात वर.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला भाजीवाल्याचा चहा आठवला. "सिस्टर, तुम्हीपण?"

"सर, माझ्या या कानांनी. माझ्या आईची शपथ."

त्यांनी रोशनीला खाटेवर आडवी केली, पोट दाबलं, स्टेथोस्कोप लावून मिनिटभर ऐकत राहिले. "आवाज आहेत. पण पोट फुगलेलंच आहे. एवढ्यावर मी थांबू शकत नाही. जोड उसवला असेल आणि मी पाणी दिलं तर?" खरं होतं त्यांचं. चुकले असते तर पोर गेली असती. त्यांनी घड्याळ बघितलं. "फोटोला घ्या."

"सर, दहा मिनिटं द्या. तिचं बंद होतं ते आता सुटलंय. आत्ता आत्ता कुठे रस्ता मोकळा झालाय हो!" इतक्या वर्षांत मी सरांना कधी अडवलं नव्हतं.

सर थोडे नरमले. खाटेच्या काठावर बसले, रोशनीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळा, सिस्टर म्हणतात ते खरं का? मग मला ऐकव बरं."

रोशनीनं सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बूट, पांढरा कोट, गळ्यातला स्टेथोस्कोप, चष्मा. आणि परत पाय आवळले.

"तुमी बाहेर जा," ती म्हणाली.

"का गं?"

"आत्या तुमच्या पाया पडली ना, त्या दिवशी? मंग?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, कसं आहे, तुम्ही देवाच्या रांगेत बसलाय. त्या रांगेतले सगळे बाहेर गेल्याशिवाय हे काम होणार नाही." आणि दोन वाक्यांत टाकाची हकीगत सांगितली. कल्याणच्या डॉक्टर बाईंनी फाईल तोंडासमोर धरली, फाईल गदागदा हलत होती.

सर उठले. इतका मोठा सर्जन, ज्यांच्या पुढे आम्ही चळाचळा कापायचो, ते मुकाट्यानं पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले. रोशनीनं मान उंच करून बघितलं. "तोंड तिकडं करा." सरांनी भिंतीकडे तोंड केलं, हात मागे बांधले. डॉक्टर बाईही त्यांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून.

मग रोशनीनं माझा हात धरला, डोळे गच्च मिटले आणि पाय सोडले. आवळलेले पाय सुटे झालेले मी पाच दिवसांत पहिल्यांदा बघितले.

संपादकसाहेब, इथे सौम्य शब्द संपले. पाच दिवसांचं साठलेलं होतं ते. आधी बारीक, मग चढत गेलं, मध्ये क्षणभर थांबलं, आम्हाला वाटलं संपलं, तर पुन्हा सुरू. आठ नंबरची बहिरी आजी दचकून म्हणाली, "काय पडलं गो?" आणि त्या एवढ्याशा पोटावरची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर खाली बसत गेली. रोशनीनं एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. पुढचे दोन दात पडलेले आहेत, हे मला तेव्हा कळलं.

वॉर्डातल्या सगळ्या दाराकडे बघत होत्या. पॅसेजमध्ये सरांची पाठ तशीच, भिंतीकडे. खांदे मात्र हलत होते. मग तोंड न वळवताच त्यांचा आवाज आला.

"सिस्टर, फोटो राहू दे. दोन चमचे पाणी द्या तिला."

पहिला चमचा माझ्या हसण्यानं तिच्या गालावर सांडला. दुसरा तिनं माझ्या हातातून हिसकावून घेतला आणि आपला आपण प्यायली.